बॉनेटवरचा खडू

अन्याय झाला तो विजापूर रोडवरच्या आमच्या चाचांवर. कधी? गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या आठवडी बाजाराला, मंद्रूपमध्ये, सकाळी दहा वाजता. त्या वेळी एक पिवळं पत्रक भाजीच्या पाट्यांमधून, चहाच्या टपऱ्यांवरून, उभ्या जीपगाड्यांच्या काचांवरून वाटलं गेलं. मथळा होता, 'निष्काळजी मिस्त्रीला जाब विचारा!' उद्गारचिन्हासकट. खाली आमच्या पाणी समितीचं नाव.

ते पत्रक मी लिहिलं. हे आधीच सांगते. पुढे चाचांबद्दल चांगलं वाचताना कुणाला वाटायला नको, की ही बाई दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला निघालीय.

आता चाचा कोण ते सांगते.

आमच्या समितीकडे एक जुना ट्रक आहे. लष्कराच्या लिलावात निघालेला, बुटका, चारही चाकांना जोर असलेला. दक्षिण सोलापुरातल्या काळ्या रानात साधा टँकर रुतला की जेसीबी बोलवावा लागतो. हा ट्रक चिखलातून म्हशीसारखा शांतपणे चालत जातो. मागे टाकी बसवून आम्ही टंचाईत वस्त्यांवर पाणी पोचवतो, एरवी टाकी उतरवून भोंगा आणि बॅनर चढवतो. मामा हे आमचे ड्रायव्हर. मीही चालवते. चार वर्षांपूर्वी या ट्रकच्या पोटातून आवाज यायला लागला. हळू जाताना टिक टिक टिक, आणि गिअर टाकून क्लच सोडला की खालून धप्प. शहरातल्या दोन गॅरेजांनी एकच उत्तर दिलं, गिअरबॉक्स उतरवा.

मामा म्हणाले, "चाचाकडं जाऊ. डोक्यानं जरा वाकडा हाय, पण कान हाय त्याला."

शेड म्हणजे कडुनिंबाखाली टाकलेले चार पत्रे. फाटक नाही, पाटी नाही, हाताखाली कुणी नाही. एक किडकिडीत म्हातारा उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून कडक भाकरी मोडत होता, शेंगाचटणी कागदावर. आवाज कसला, त्यांनी विचारलं आणि मी उभ्या उभ्या सुरू झाले. गाडी कुठून घेतली, कुठल्या वस्तीला किती दिवसांनी पाणी येतं, प्रशासन कसं ढिम्म आहे.

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "बेटी, मैं आवाज पूछा. तू सभा कैकू घेती?"

मामा फिस्सकन हसले.

"ये करती क्या?" त्यांनी मामांना विचारलं.

"घोषणा देती की."

"हौ. दिसतंय."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'घोषणा'. माझं खरं नाव त्यांनी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग ते चपला काढून गाडीत चढले. मला वाटलं, पाया पडतात की काय गाडीच्या. तसं नव्हतं. अनवाणी पाय पत्र्यावर टेकवून ते डोळे मिटून बसले. आवाज आधी तळपायाला कळतो आणि कान नंतर त्याला नाव देतो, असं त्यांचं म्हणणं. "चला. और मुंह बंद."

विजापूर रोडवर त्यांनी माझ्याकडून जे करून घेतलं ते आजही पाठ आहे. वेग धर. आता क्लच दाब, आवाज गेला का राहिला? राहिला. म्हणजे इंजिन यात नाही. आता गिअर काढ, नुसती वाहू दे. राहिला? राहिला. म्हणजे गिअरबॉक्सच्याही मागे. आता डावीकडे झुकव, उजवीकडे झुकव, बदलला? नाही. म्हणजे चाकाचं बेरिंग नाही. मग रिकाम्या जागेत थांबवून पुढेमागे, पुढेमागे. प्रत्येक वेळी धप्प.

"टिक टिक चाकाबरोबर वाढतो का एकसारखाच राहतो?"

"बहुतेक चाकाबरोबर," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. "बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे... बहुतेक."

"बहुतेक म्हणजे नाही. तू ऐकलीच नाही. फिर से."

पुन्हा चार किलोमीटर. या वेळी मी खरंच ऐकलं. चाकाबरोबर वाढत होता. शेडमध्ये आल्यावर ते खाली सरकले, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा हाताने पिळला आणि मला खाली बोलावलं. कॉलेजचा ड्रेस घालून मी धुळीत उताणी. त्यांनी बोटाने दाखवलं. दांड्याच्या टोकाला जो जोड असतो, ज्याला सगळे 'क्रॉस' म्हणतात, त्याच्या कडेने तांबडी भुकटी साचली होती. वाटीतून सांडलेल्या कुंकवासारखी.

"ग्रीस संपलं, आतल्या सुया गंजून पीठ झाल्या. दोन गॅरेजवाले यही देखे बगैर बॉक्स उतारते थे." मग त्यांनी खिशातून पांढरा खडू काढून त्या जोडाभोवती गोल काढला.

खडू ही त्यांची खरी ओळख. त्यांच्याकडे फोन नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं. जे सांगायचं ते गाडीच्याच अंगावर. लहान गोल म्हणजे इथे काम केलंय, लक्ष ठेवा. पण बॉनेटवर मधोमध मजकूर लिहिला असेल, तर ती गाडी हलवायची नाही. काम झालं की ते स्वतः ओल्या फडक्याने तो मजकूर पुसायचे. बॉनेट कोरं म्हणजे गाडी तयार. मग चाचा शेडमध्ये असोत नसोत, किल्ली खिळ्यावरून घ्यायची आणि गाडी न्यायची. आख्ख्या विजापूर रोडला हा कायदा माहीत होता. मोठमोठे ठेकेदार तो पाळायचे.

हा खडू आला कुठून, हे मी एकदा विचारलं. त्यांची बायको म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकवायची. ती गेली तेव्हा कपाटात खडूंची खोकी निघाली. चाचा उर्दू शाळेत चौथी शिकलेले, मराठी अक्षर त्यांना तिनेच पन्नाशीत शिकवलं. म्हणून त्यांचं अक्षर पोरांना गिरवायला दिल्यासारखं होतं. गोल, सुटं, वर सरळ रेघ. "फळ्यावरचं खोटं लिहायचं नसतं, वो बोलती थी," एवढंच म्हणाले आणि पान्हा शोधायला लागले.

त्यांचा वाकडेपणा सांगायचा तर दिवस पुरणार नाही. हाताखाली माणूस ठेवायचे नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकालाच राबावं लागायचं. मोहोळचा एक ऊसतोडीचा ठेकेदार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत आला होता. त्याची नुकतीच घेतलेली जुनी जीप पन्नासच्या पुढे घूंऽऽ करायची. मागच्या आसातली दातेरी चाकं, म्हणजे क्राऊन-पिनियन, दोनदा बदलून झाली होती. चाचांनी त्याला जॅक मारायला लावला, चारी चाकं सोडवली, पुढची मागे आणि मागची पुढे लावून घेतली. सगळं त्याच्याकडूनच. मग म्हणाले, जा, फिरून या. तो परत आला तो तोंड वासून. "चाचा, आवाज पुढं आला की!"

"टायर गाते तुम्हारे. चिखलाचे टायर डांबरावर घासून त्यांच्या गाठी झाल्यात. पिनियन दोनदा बदलली, टायरला एकदा हात लावला नाही. किसने बोला पिनियन?"

"मिस्त्री म्हणाला, बहुतेक पिनियन—"

"हां, बहुतेक." चाचांनी थुंकल्यासारखा शब्द उच्चारला आणि मला डोळा मारला. आवाज सापडला की चहा, नाही सापडला तर गिऱ्हाईकाला पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. त्या दिवशी ठेकेदाराने काळ्या हातांनी चहा घेतला आणि पांढऱ्या शर्टाची पर्वा केली नाही.

मला तिथे जायला आवडायचं. गाडी ठीक असतानाही जायची. आमच्या समितीत सगळं 'असेल', 'वाटतं', 'सूत्रांनुसार' यावर चालतं आणि त्यावर आम्ही घोषणा देतो. चाचांच्या शेडमध्ये एकच प्रश्न असायचा, तू ऐकलंस का? मी पत्रक लिहून त्यांना वाचून दाखवायची. ते टायरवर बसून ऐकायचे. एकदा मी वाचलं, "संपूर्ण तालुका तहानलेला आहे." ते म्हणाले, "पूरा तालुका? मंद्रूपच्या बाजारात उसाचा रस मिळतो की." मी चिडून कागद फाडला. घरी जाऊन वस्त्या मोजल्या आणि तेवढ्याच लिहिल्या. त्या पत्रकाने काम झालं, टँकर सुरू झाला. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "तेरा क्रॉस सापडला."

असा माणूस. आता तो दिवस.

गेल्या नवरात्रात गाडीचं स्टिअरिंग बिघडलं. वळवलं तर गाडी उशिरा ऐकायची, आणि तिशीच्या पुढे हातात चाक थरथरायचं, जणू कुणी पलीकडून ओढतंय. मी अष्टमीच्या सकाळी ती शेडवर नेली. इंजिन बंद करून त्यांनी मला आत बसवलं, स्वतः खाली गेले. "हलव. फक्त दोन बोटं. डावं, उजवं." मी हलवत राहिले आणि ते खालून एकेका जोडावर हात ठेवत गेले. चाक इकडे हललं आणि पलीकडे काही हललं नाही, तर मधल्या जोडात झीज, असं ते शोधणं. बराच वेळ गेला. मला मीटिंग होती.

"चाचा, झालं का?"

"शोधतोय. दोन दिवस ठेव. तू जा, तुझी सभा असेल."

मी गेले. इतकं मला माहीत आहे. पुढचं, म्हणजे मी गेल्यावर त्यांना काय सापडलं आणि त्यांनी काय केलं, हे मी पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी ते मंगळवेढ्याला लेकीकडे सणाला गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गाड्या, हत्यारं, अवजारं पुजायचा दिवस. आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, अडून बसले. पूजेला गाडी पाहिजेच. मी म्हणाले, चाचांनी दोन दिवस सांगितलेत. भाऊ म्हणाले, "ओढून आणू. चालवायची कुठं आहे? पूजेपुरती." मामा सुटीवर होते. मंद्रूपकडचा एक ट्रॅक्टरवाला शहरात आला होता, त्याला आणि त्याच्या भावाला पाठवलं. दोघांनी साखळी लावून गाडी विजापूर रोडवरून ओढत ऑफिसच्या अंगणात आणून उभी केली आणि गेले.

गाडी चिखलाने बरबटलेली. मी बादली आणि फडकं घेतलं. कानाशी फोन होता, कुठल्याशा बातमीदाराला आमचं निवेदन समजावत होते. एका हाताने पाणी मारत होते. बॉनेटवरून पांढुरकं पाणी वाहिलं, हे मला आठवतं. आमच्याकडच्या चुनखडीच्या रस्त्यांची धूळ ओली झाली की तशीच दिसते. मी पाहिलं नाही. मी बोलत होते.

मग भाऊ आले. गाडीभोवती फिरले, बॉनेटसमोर थांबले. "अगं, यावर खडू कुठंय? चाचाचं काम झालेलं दिसतंय."

मी पाहिलं. बॉनेट कोरं, चकचकीत. हातात ओलं फडकं. मी म्हणाले, "हो की. खडू नाही म्हणजे तयार."

बघा. कायदा आम्हाला पाठ होता, म्हणूनच आम्ही फसलो. ज्याला तो माहीत नाही असा माणूस निदान घाबरला तरी असता.

झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबांवरून गाडी घालायची ती मी घातली, चौकापर्यंत एक फेरीही मारली. हळू होती, काही जाणवलं नाही. आणि जाणवलं असतं तरी मी म्हणाले असते, जुनी गाडी आहे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मामा टाकी भरून वस्तीवर निघाले. मंद्रूपच्या अलीकडे वळणावर स्टिअरिंग गरगर फिरलं आणि चाकं सरळच राहिली. स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा टोकाच्या जोडातून सुटला होता. गाडी चारीत उतरून ज्वारीच्या रानात कलंडली. मामांचा हात दोन ठिकाणी मोडला, फासळ्या दुखावल्या. वाचले, कारण टाकीच्या ओझ्याने वेग कमी होता.

मी दवाखान्यातून थेट ऑफिसला आले आणि लिहायला बसले. पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागली. 'बिघाड माहीत असूनही कोणतीही सूचना न देता गाडी तयार असल्याचे दर्शविले.' हे वाक्य माझं. भाऊंचं नाही. भाऊ म्हणाले होते, जरा थांबू. मी म्हणाले, मामांचा हात मोडलाय आणि तुम्ही थांबायचं म्हणता?

मामा मात्र पलंगावरून म्हणत होते, "मिस्त्रीला कशाला बोल लावता गं? त्यो असं करायचा न्हाय."

"मामा, बॉनेट कोरं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग असंल बाई," मामा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी चाचा आमच्या ऑफिसात आले. चार वर्षांत पहिल्यांदा. दाराशी उभे राहिले, चपला काढून. पिवळं पत्रक घडी करून खिशात, वर टोक दिसत होतं. भांडायला आलेत असं वाटून मी आधीच उभी राहिले होते. त्यांनी एकच विचारलं.

"खडू था या नहीं?"

"नव्हता."

"तू देखी?"

"मी स्वतः पाहिलं. भाऊंनीही पाहिलं."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणाले. शाळेत बाईंनी शिकवलेली पाठ कविता म्हणावी तसं, खणखणीत.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी! चार वर्षं ज्या मुलीला त्यांनी 'ऐक आणि मग बोल' शिकवलं, तिने पक्का म्हटलं, म्हणजे पक्काच. "मग मी विसरलो असेन," असं काहीसं पुटपुटले, चपला घातल्या आणि गेले. त्या आठवड्यात शेडवरचे पत्रे उतरले. चाचा लेकीकडे राहायला गेले, कडुनिंब तेवढा राहिला.

पुढे महिनाभराने मंद्रूपच्या बाजारात तो ट्रॅक्टरवाला भेटला. गाडीचा विषय निघाला. तो हसत सांगायला लागला, "ताई, तुमची गाडी वडून आणताना लई मजा आली. मिलिटरीची गाडी ट्रॅक्टरमागं बघून पोरं मोबाईल धरून हसत व्हती. आन् ते बॉनेटवर कुणी पोरानं काय लिव्हलं व्हतं की."

मी त्याला तिथेच थांबवलं. "काय लिहिलं होतं?"

"मला काय ठावं. चिखलात मधीच एक चौकोन पुसल्यागत व्हता. त्यात पांढरं काय तरी. रेघा असतील, अक्षर असंल. मी कशाला वाचतोय."

मला ते पांढुरकं पाणी आठवलं.

मी त्याच दिवशी एसटी धरून मंगळवेढ्याला गेले. स्टँडच्या मागच्या गल्लीत लेकीचं घर. चाचा ओट्यावर बसले होते. समोरून बस वळत होत्या. एक बस कण्हत आत शिरली, तसे त्यांच्या ओठांतून शब्द निघाले, "पुढचं उजवं बेरिंग." कुणाला सांगत नव्हते. नुसतं निघालं. पुढची आली. "क्रॉस." मला पाहिल्यावर गप्प झाले.

लेक दारात आली. तिने सांगितलं, अब्बा आता पान्ह्याला हात लावत नाहीत. शेजाऱ्याची मोटरसायकल सुद्धा बघत नाहीत. म्हणतात, जो लिहायचं विसरतो त्याने खोलू नये.

मी सगळं सांगितलं. फडकं, फोन, पांढरं पाणी, ट्रॅक्टरवाला. रडले, हेही लिहिते. "चाचा, तुम्ही लिहिलं होतं. मी पुसलं."

त्यांनी नीट ऐकलं. मग गाडी तपासतात तसे प्रश्न सुरू केले.

"तू अक्षर देखी?"

"नाही."

"पाणी पांढरं होतं. रस्त्याची धूळही पांढरी असते की?"

"असते."

"त्याने अक्षर वाचलं?"

"नाही. पण पुसलेला चौकोन त्याने पाहिला. चाचा, चिखलावर तुम्ही असाच चौकोन पुसून लिहिता."

"चौकोन पुसून मी जोडाचं माप पण लिहितो. कधी नुसतंच पुसून ठेवतो आणि विसरतो. उमर झाली." त्यांनी हातांकडे पाहिलं. "मला आठवतं की जोड ढिला सापडला. खडू खिशातून काढला, हे आठवतं. बसची वेळ झाली होती, हेही आठवतं. लिहिलं का, ते आठवत नाही. रोज आठवून बघतो."

"बहुतेक लिहिलंच असेल, चाचा."

बोलून गेले आणि कळलं मी काय बोलले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं.

"उस दिन पक्का बोली," ते म्हणाले. "आज बहुतेक बोलती. घोषणा, मी कुठलं घेऊ?"

लेकीने चहा आणला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

त्यानंतर मी पाच वेळा गेले. मामाही हाताला पट्टा बांधून आले. चाचांच्या शेजारी ओट्यावर बसून म्हणाले, "आरं, माझा हात मोडला आन् मी म्हणतो तुझी चूक न्हाय. आता अजून कुणाचा कागद पायजे तुला?" चाचा हसले, मामांना भाकरी खायला लावली, पण आत काही हललं नाही. मी समितीच्या बैठकीत चूकदुरुस्तीचं पत्रक मांडलं. भाऊ म्हणाले, विषय शिळा झाला, समितीचं नाव जाईल. मी म्हणाले, माणसाचं गेलंय. मतदान झालं, मी हरले. म्हणून हे इथे माझ्या एकटीच्या जबाबदारीवर लिहिते.

जाहीर सांगते. चाचांनी गाडी आम्हाला दिली नव्हती, आम्ही विचारल्याशिवाय ओढून आणली. बॉनेट मी धुतलं. धुण्याआधी त्यावर काय होतं ते मी पाहिलं नव्हतं, आणि 'पक्का' म्हणाले ते खोटं होतं. पत्रकातला शब्द न् शब्द मी मागे घेते.

पण माझ्या मागे घेण्याने त्यांचं भागत नाही. त्यांना माफी नकोय, मी मागितलीय आणि त्यांनी ती बाजूला ठेवलीय. त्यांना जाणून घ्यायचंय. लिहिलं होतं की नव्हतं. नव्हतं असं निघालं, तरी चालेल, ते मला म्हणालेत. निदान रोज आठवणं तरी थांबेल.

विजापूर रोडवर मी आजही कधी कधी त्या कडुनिंबाखाली थांबते. तिथे आता रसवंती आहे. शेजारून जुनी जीप गेली की माझा पाय आपोआप चपलेतून बाहेर येतो, डांबर पोळतं, मी उभी राहते. क्लच दाबल्यावर आवाज राहील का जाईल? विचारायला माणूस नाही. चार वर्षं तो रोज होता आणि मी त्याला पत्रकं वाचून दाखवत होते.

आता तुम्ही. होय, तुम्हालाच म्हणते. खंडेनवमीच्या सकाळी, नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, विजापूर रोडवर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढलेला बुटका हिरवा ट्रक ज्यांनी पाहिला आणि हसत हसत मोबाईल काढला, ते तुम्ही. फोटो असेल, पाच सेकंदांची क्लिप असेल, एखाद्या ग्रुपवर टाकून विसरला असाल. फोन उघडा आणि नवरात्रापर्यंत मागे जा. डिलीट झालं असेल तर ज्यांना पाठवलं होतं त्यांना मागा. सापडलं की बॉनेटचा भाग बोटांनी मोठा करा आणि तिथे जे दिसतं ते वाचा. पुसलेला चौकोन रिकामा असला तरी तसाच ठेवा, माझी बाजू सुधारायला जाऊ नका. मला पाठवू नका, समितीला तर मुळीच नको. मंगळवेढ्याची एसटी धरा, स्टँडमागच्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात फोन द्या, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तिथेच थांबा.